पाणी लावलेल्या दाढा

आमच्या सारी-ओय गावाला दाताचा डॉक्टर नव्हता. तालुक्याच्या दवाखान्यात खुर्ची होती, वर दिवा होता, पण त्या खुर्चीमागे उभा राहणारा माणूस रशियाला गेला तो परत आलाच नाही. दाढ दुखली की आम्ही मिठाच्या गरम पाण्याने चुळा भरायचो, व्होडकात भिजवलेला कापूस दाबून धरायचो, आणि डोकं भिंतीवर आपटावंसं वाटायला लागलं की खिंड ओलांडून शहरात जायचो आणि उपटून यायचो. माझे पुढचे दात सोन्याचे आहेत ते काही हौसेने बसवलेले नाहीत. पोरांच्या दातांकडे तर कुणी बघतच नसे. दुधाचे आहेत, पडतील, दुसरे येतील. दुसरे यायचे, आणि तेही किडायचे.

म्हणून राजधानीतल्या दंतसंशोधन संस्थेचे प्रोफेसर जुमाकादिर पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा गावाने मेंढा कापला. हे मी मुद्दाम सांगतोय. पुढे आमच्यावर आडमुठे, शास्त्राचे वैरी असे बोल लावले गेले. शास्त्राचे वैरी पाहुण्याच्या ताटात मानाचं म्हणून मेंढ्याचं डोकं वाढत नाहीत.

मी एसेनकुल. दवाखान्याची गाडी चालवतो. प्रोफेसरांच्या माणसांना न्यायचं-आणायचं काम माझ्याकडे आलं, त्यामुळे पहिल्या दिवसापासून सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

प्रोफेसर बोलायला फार चांगले. शाळेत आईबापांची सभा झाली. त्यांनी सांगितलं की एक औषध आहे, थेंबांसारखं, त्यात चांदी असते. सुई नको, दात कोरणं नको. लहानशा ब्रशने किडलेल्या जागेवर लावायचं, की कीड तिथेच थांबते. स्वस्त आहे, नर्ससुद्धा लावू शकेल. आपल्या पोरांवर ते किती चालतं हे दाखवून दिलं की सरकार गावोगाव देईल. नदीच्या अलीकडे सारी-ओय, पलीकडे कोक-बुलुन, दोन्ही शाळांतली लहान पोरं घेऊ, दर दोन महिन्यांनी येऊन तपासू, एका गावाची दुसऱ्याशी तुलना करू. तुलना हा शब्द ते बोलले, हे मी नाकारत नाही. आम्हाला वाटलं, कुठल्या गावची पोरं दात नीट घासतात ते बघणार असतील. कोक-बुलुनला हरवायचं म्हणून आमच्या बायांनी दुसऱ्याच दिवशी दुकानातले सगळे ब्रश उचलले.

तपासायचं काम डॉक्टर कानिशाय करायची. तिशीतली, बारीक अंगाची, हाताला हलकी. पोरं तिच्यासमोर रडत नसत. दोन्ही गावांत तिने सारखंच केलं. कापसाने दात कोरडा करायचा, बाटलीतला थेंब ब्रशवर घ्यायचा, लावायचा, मनात आकडे मोजत थांबायचं.

पंधरवड्यात कोक-बुलुनमध्ये बोंब उठली. पोरांचे किडलेले दात काळे पडले होते, अगदी शाई सांडल्यासारखे. तिकडच्या बाया माझी गाडी अडवून मला शिव्या द्यायच्या, जशी काही ती चांदी मीच फासली. आमच्या पोरांचे दात मात्र होते तसेच राहिले, पिवळट, तपकिरी, पण काळे नाहीत. आमच्या गावाला कोण आनंद झाला.

सगळ्यांत जास्त आनंद सैरागुलला. ती माझ्या चुलतभावाची बायको. नवरा सायबेरियात इमारतींच्या कामावर, वर्षातून एकदा येतो. ही तंदूरमध्ये रोट्या लावते आणि बस थांबते तिथे विकते. तिची जीभ अशी, की गिऱ्हाईक सुटे पैसे मागायलाही बिचकतं. कोक-बुलुनच्या बाया बसला आल्या की ही विचारायची, "काय गं, पोरांना कोळसा चारता का तिकडे?" तिची मुलगी बेगायिम तेव्हा आठ वर्षांची होती. आईची जीभ तिने उचलली होतीच, वर नकला करायची. प्रोफेसरांची नक्कल तर अशी करायची, मान मागे टाकून, चष्मा नसताना चष्मा सारखा करत, "तोंड मोठं, बाळ, अजून मोठं", की चहाला बसलेली माणसं हसून लोळायची.

दुसऱ्या हिवाळ्यात बेगायिमची दाढ दुखायला लागली. खालची, उजवीकडची, पक्की दाढ, म्हणजे पुन्हा न येणारी. आधी थंड लागलं की कळ यायची, मग गरमानेही यायला लागली. रोटीचा मऊ भाग ती डावीकडून चघळायची. सैरागुल काही घाबरली नाही. औषध लावलेलंच होतं. फेब्रुवारीत तपासणीची माणसं आली तेव्हा ती तिला घेऊन सगळ्यांच्या आधी दारात उभी राहिली.

मी खोके आत ठेवत होतो, त्यामुळे खोलीतच होतो. कानिशायने आरशाने बघितलं, हवा मारली, पोर खुर्चीतून उडाली. कानिशाय प्रोफेसरांना म्हणाली की खड्डा खोल आहे पण नस अजून जिवंत वाटते, आज साफ करून भरली तर दाढ वाचेल, भरायचं सामान खोक्यात आहे. प्रोफेसरांनी तिला खिडकीपाशी नेलं. हळू बोलत होते, पण खोली लहान होती. ही दाढ भरली तर ती आपल्या मोजणीतून गेली, असं ते म्हणाले. आज ही भरशील, उद्या अशाच आणखी दाढा समोर येतील, आणि नेमक्या याच गावातून येतील. मग तुलनेला उरलं काय? नियमात लिहिलंय की दुखणाऱ्या मुलाला शहरातल्या दवाखान्यात पाठवायचं. चिठ्ठी दे, पाठव.

कानिशायने खिडकीबाहेर बोट दाखवलं. बाहेर खिंडीचा डोंगर दिसतही नव्हता, एवढा बर्फ पडत होता.

"मग गोळ्या दे," प्रोफेसर म्हणाले.

आणि ते स्वतः बेगायिमजवळ आले. बाटलीतून ब्रशवर थेंब घेतला, दुखऱ्या दाढेला लावला, तिच्या गालावर थोपटलं. सैरागुलला म्हणाले की औषध पुन्हा लावलंय, गुण यायला वेळ लागतो, गोळ्या देत राहा, रस्ता सुरू झाला की शहरात दाखवा, नाहीतर वसंतात आम्ही आहोतच. सैरागुलने त्यांचा हात दोन्ही हातांत धरून आभार मानले. येताना आणलेल्या रोट्या तिने त्यांच्यासाठी माझ्या गाडीत ठेवल्या.

दोन दिवसांनी बर्फ जरा थांबला तेव्हा मी प्रोफेसरांच्या माणसांना खिंडीपलीकडे सोडून आलो, आणि मागोमाग खिंड बंद झाली. तोवर गोळ्यांनी दुखणं थांबलं होतं. मग अजिबातच दुखेनासं झालं, आणि सगळ्यांना वाटलं गुण आला. नस मेली की दुखणं थांबतं, हे आम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं.

मार्चमध्ये एका सकाळी सैरागुल डोक्याला रुमाल न बांधता माझ्या दारात आली. बेगायिमचा जबडा एका रात्रीत सुजला होता. मी जाऊन पाहिलं तर सूज गालावर थांबलेली नव्हती, हनुवटीखाली गळ्याकडे उतरली होती, कातडी लाल आणि ताठ. जीभ वर उचलली गेली होती. पोर बोलू शकत नव्हती, लाळ गिळू शकत नव्हती, पुढे वाकून बसली होती आणि श्वास घेताना आवाज येत होता. अंग तापलेलं. दवाखान्यातल्या नर्सने एक इंजेक्शन दिलं आणि माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "बायके, दादा, थांबू नका."

खिंड आदल्याच दिवशी उघडली होती, एका गाडीपुरती. मी त्या रस्त्यावर अर्धं आयुष्य काढलंय, पण त्या दिवशी जसा चालवला तसा कधी चालवला नाही. वर एक कोळशाचा ट्रक आडवा होऊन अडकला होता. मी आणि तिथले दोघेतिघे फावड्याने बर्फ ओढत होतो आणि मागे गाडीत सैरागुल पोरीला मांडीवर बसवून तिच्या श्वासाबरोबर श्वास घेत होती, मोठ्याने, म्हणजे पोरीने थांबू नये. ती रडत नव्हती. शिव्या देत होती. ट्रकला, बर्फाला, रस्ते खात्याला, नवऱ्याला, मला. प्रोफेसरांना मात्र अजून नाही. त्यांचं नाव घेऊन ती म्हणत होती की आगाय, म्हणजे गुरुजी, इथे असते तर ही वेळ आली नसती.

शहरात पोरीला थेट आत नेलं. सर्जन म्हातारे होते, बोलायला तुसडे. त्यांनी हनुवटीखाली कापून पू काढला, नळी घातली, दाढ उपटली. बाहेर येऊन म्हणाले की आणखी थोडा उशीर झाला असता तर श्वासाची वाट बंद झाली असती. मग विचारलं, "उपचार कोण करत होतं?"

सैरागुलने अभिमानाने सांगितलं, राजधानीचे प्रोफेसर, चांदीचं औषध लावून.

सर्जनांनी उपटलेली दाढ कपड्यावर ठेवून तिच्यापुढे धरली. "चांदी लावली असती तर हा खड्डा काळाकुट्ट दिसला असता," ते म्हणाले. "याला काही लावलेलं नाही, बाई."

सैरागुल त्यांच्याशी भांडली. लावताना मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणाली. ते खांदे उडवून निघून गेले. मी भिंतीला टेकलो. मला कोक-बुलुनच्या पोरांची तोंडं दिसत होती, काळे ठिपके असलेली, आणि त्यातलं एकही पोर या दोन वर्षांत मी दाढेसाठी खिंडीपलीकडे नेलेलं नव्हतं. मला स्वतःलाच ते पटवून घ्यायचं नव्हतं.

दोन दिवसांनी कानिशाय आली. नर्सने तिला फोन केला होता. हातात संत्री होती. बेगायिम झोपली होती, गळ्याला पट्टी, नळीतून अजून पू येत होता. कानिशायने ते पाहिलं आणि बाहेरच्या बाकावर येऊन बसली.

"एजे, ताई, सारी-ओयला औषध लावलंच नव्हतं," ती सैरागुलला म्हणाली. "एका गावाला औषध, दुसऱ्याला पाणी. दिसायला सारखं, म्हणून बाटल्याही सारख्या. पाण्यापेक्षा औषध किती चांगलं, ते दाखवायचं होतं."

"तुला माहीत होतं?"

"होतं."

सैरागुलने तिला थोबाडीत मारली. संत्री फरशीवर घरंगळत गेली. वॉर्डातली माणसं बघायला लागली. कानिशायने गालाला हातही लावला नाही. मग सैरागुल तिच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "आता पहिल्यापासून सांग. एक शब्द गाळू नकोस."

कानिशायने सांगितलं. अशा चाचण्या सगळीकडे होतात, आणि पाण्याशी तुलना केल्याशिवाय औषध खरं की खोटं कळत नाही, हेही तिने सांगितलं, प्रोफेसरांची बाजू न लपवता. पण दुखायला लागलं की त्या मुलाला लगेच बाहेर काढून उपचार करायचे असतात, असं ती म्हणाली. आणि आईबापांना समजेल अशा शब्दांत आधी विचारायचं असतं. शिवाय पहिल्या वर्षाच्या शेवटीच फरक उघड दिसला होता. कोक-बुलुनमध्ये कीड थांबली होती, सारी-ओयमध्ये वाढत होती. तेव्हाच थांबवून सगळ्यांना औषध लावता आलं असतं. तिने तसं सुचवलं होतं. प्रोफेसरांना तीन वर्षांचे आकडे हवे होते, कारण परदेशातल्या मोठ्या परिषदेत तीन वर्षांचे आकडे वजनदार दिसतात.

"म्हणजे आमच्या पोरांचे दात किडताना ते बघत बसले," सैरागुल म्हणाली.

"हो."

"आणि परवा फेब्रुवारीत? माझ्यासमोर लावलं ते?"

कानिशायने मान खाली घातली. तेही पाणीच होतं.

मी आयुष्यात पुष्कळ रागावलेली माणसं पाहिली आहेत. दारू पिऊन रागावलेली, जमिनीवरून रागावलेली. सैरागुलचा त्या दिवशीचा राग तसा नव्हता. तिचा आवाज खाली गेला. परतीच्या वाटेवर ती माझ्याशी फक्त रोट्यांविषयी बोलली. ज्या रोट्या त्यांच्यासाठी गाडीत ठेवल्या होत्या, त्यांचं पीठ तिने तीनदा चाळलं होतं.

एप्रिलमध्ये प्रोफेसर तपासणीला आले. सकाळची वेळ, शाळेच्या अंगणात चिखल. मीच त्यांना आणलं. वाटेत त्यांनी बेगायिमची चौकशी केली. फार वाईट झालं, म्हणाले, शंभरात एखाद्या वेळी असं होतं. मी गाडी चालवत राहिलो.

वर्गात पोरं रांगेने बसली होती आणि मागे भिंतीला लागून त्यांच्या आया. पहिलं पोर खुर्चीत बसलं. प्रोफेसर म्हणाले, तोंड उघड. पोराने ओठ घट्ट मिटले. दुसरं बसलं, त्यानेही तेच केलं. तिसरी एक लहानगी होती, तिला हसू येत होतं, तिने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले.

"हा काय पोरखेळ आहे?" प्रोफेसरांनी शिक्षिकेला विचारलं. ती खिडकीबाहेर बघू लागली.

सैरागुल पुढे आली. बेगायिमला तिने आणलेलं नव्हतं.

"आगाय, आज कुणी तोंड उघडणार नाही," ती म्हणाली. "आधी औषध लावायचं. खरं. कोक-बुलुनचं. भरण्यासारख्या असतील त्या दाढा भरायच्या. मग तुम्हाला काय मोजायचंय ते मोजा."

प्रोफेसरांनी कानिशायकडे पाहिलं. त्यांना कळलं. मग ते आयांशी बोलू लागले, आणि मी आधीच म्हटलंय, माणूस बोलायला चांगला. ते म्हणाले की तुमचं दुःख मला समजतं. पण आज औषध लावलं तर दोन वर्षांची मेहनत वाया जाईल. अजून फक्त एक वर्ष. नंतर हे औषध देशातल्या प्रत्येक गावात जाईल, हजारो मुलांचे दात वाचतील, ते तुमच्या त्यागाने वाचतील.

मागून कुणीतरी रडायला लागलं. क्षणभर मलाही वाटलं, आता बाया मऊ पडतात.

"त्या हजारांत माझी धरली आहे का?" सैरागुलने विचारलं.

प्रोफेसर चष्मा सारखा करू लागले.

"नाही ना? माझी कुठे मोजलीत ते सांगा. कोक-बुलुनच्या पोरांत ती नाही. पुढे वाचणाऱ्यांत नाही. ती पाण्याच्या बाजूला आहे. आणि त्याग कसला म्हणता? त्याग माणूस आपल्या हाताने करतो. माझ्या पोरीच्या तोंडात तुम्ही पाणी घातलंत आणि माझ्याकडून आभार घेतलेत. माझी रोटी खाल्लीत. खाल्ली ना?"

"तुम्ही सभेत संमती दिली होती," प्रोफेसर म्हणाले.

"पाणी लावणार म्हणालात का सभेत? त्या दिवशी पाणी हा शब्द तोंडातून काढलात का? इथे सगळ्या बसल्यात, विचारा."

कुणी काढला नव्हता. भिंतीपाशी बसलेल्या बायांमधून एक एक आवाज यायला लागला. माझ्याची दाढ उपटली, माझ्याची दोन, माझी रात्रभर रडते आणि मी तिला म्हणते की औषध लावलंय, गप्प झोप. हे शेवटचं जी बोलली ती एरवी कधी बोलत नसे.

प्रोफेसरांनी खोके उचलायला सांगितलं. आपण निघू, म्हणाले. मी किल्ली खिशात घातली आणि दाराजवळच्या बाकावर बसलो. "आगाय, गाडी दवाखान्याची आहे," मी म्हणालो. "दवाखान्याचं काम झालं की निघेल." माझं एवढंच. बाकी सगळं बायांनी केलं.

कानिशायने कोक-बुलुनचा खोका उघडला. प्रोफेसर तिला म्हणाले की हे केलंस तर संस्थेत परत येऊ नकोस. ती हातमोजे चढवत होती. तिने पहिल्या पोराला विचारलं, "कुठे दुखतं?" आणि त्याने तोंड उघडलं.

दिवस मावळेपर्यंत ती वाकून उभी होती. आधी प्रत्येकाचे दात नीट लिहून घेतले, मग औषध, मग भरायचं असेल ते भरणं. लाइट गेली तेव्हा आया विजेऱ्या धरून उभ्या राहिल्या. सामान संपलं तेव्हा उरलेल्या दोघांची नावं लिहून घेऊन, पुढच्या आठवड्यात स्वतःच्या पैशाने आणते म्हणाली, आणि आणलं. प्रोफेसर गाडीत बसून होते. त्यांना कुणीतरी चहा नेऊन दिला. त्यांनी घेतला.

आता पुढचं सांगतो, कारण माझा राग तिथेच आहे.

प्रोफेसरांचं काही वाया गेलं नाही. त्यांनी हाती असलेले आकडे परिषदेत मांडले, टाळ्या मिळवल्या. सरकारने औषधाला परवानगी दिली. तिसरं वर्ष लागलंच नाही. दोन वर्षांचे पुरले. पहिल्या वर्षाचेही पुरले असते, असं कानिशाय म्हणते. तिला संस्थेतून काढलं. ती आमच्या तालुक्याच्या रिकाम्या खुर्चीवर आली. सैरागुलने तिला माफ केलंय की नाही ते मला माहीत नाही. तिच्याकडून रोटीचे पैसे मात्र घेते, आणि दात दाखवायला पोरीला तिच्याकडेच नेते.

पुढच्या उन्हाळ्यात प्रोफेसर पुन्हा आले. वर्तमानपत्राचा माणूस बरोबर होता, काळ्या ठिपक्यांच्या दातांनी हसणाऱ्या पोरांचे फोटो हवे होते. सारी-ओयमध्ये कुणी दार उघडलं नाही. मग वर्तमानपत्रवाल्याला गाडीत बसवून ते सैरागुलच्या दारात गेले, हातात मिठाईचा खोका, मागे मी. दारात आलेल्याला चहा द्यावा लागतो. तिने दिला. समोर बसली नाही, उभी राहिली.

बेगायिम अंगणात होती. हनुवटीखाली तिच्या एक आडवी, ओढल्यासारखी खूण राहिली आहे. तेव्हापासून नकला बंद झाल्यात. प्रोफेसरांनी तिला जवळ बोलावलं, कशी आहेस, विचारलं.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला दुखत होतं. मी तुम्हाला सांगितलं होतं. मग पाणी का लावलंत?"

त्यांनी चहाची वाटी खाली ठेवली, पुन्हा उचलली. बाळ, एवढंच म्हणाले. ती वाट बघत होती, खरंच उत्तर हवं असल्यासारखी. सैरागुलने त्यांना मदत केली नाही. मीही केली नाही.

शेवटी ते उठले. मिठाईचा खोका तिथेच राहिला. सैरागुलने तो उचलून त्यांच्या हातात परत दिला, आणि म्हणाली, "पोरांना गोड देऊ नये, आगाय. दात किडतात."